आधी पूल, मग शहर

नवी मुंबई आधी कागदावर आखली आणि मग उभी राहिली, असे सर्रास सांगितले जाते. शीव-पनवेल महामार्गाचा इतिहास मात्र थोडे वेगळे सांगतो. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी 1965 मध्ये खाडीपलीकडच्या शहराची कल्पना मांडली आणि 1970 मध्ये हे शहर वसवण्यासाठी सिडको ही सरकारी संस्था स्थापन झाली. मुंबईवर अवलंबून नसलेले, स्वतःच्या पायावर उभे राहणारे शहर हा त्यामागचा हेतू. पण 1973 मध्ये या महामार्गावरचा वाशीचा खाडीपूल खुला झाला आणि नव्या शहराची नाळ जुन्या शहराशीच जोडली गेली. वाशी, नेरूळ, बेलापूर, खारघर, कळंबोली ही उपनगरे याच रस्त्याच्या कडेने वसत गेली.

शहर घडवले ते रेल्वेने, असा आक्षेप कोणी घेईल. नोकरदार वस्ती लोकलमुळे वाढली, हे खरेच. परंतु लोकल वाशीला पोहोचली 1992 मध्ये. कांदा-बटाट्याचा घाऊक बाजार त्याआधीच मुंबईतून इकडे आला होता, आणि नाशिक-पुण्याचा माल ट्रकनेच येत होता. आधी रस्ता, मग शहर या घाईची किंमत नेरूळ-शिरवणे भागात दिसते : एका अंगाला कारखाने, दुसऱ्या अंगाला घरे आणि मध्ये पायी ओलांडता न येणारा महामार्ग. 1997 मध्ये दुसरा खाडीपूल झाला, पुढे रस्ताही रुंदावला. तरी गावाचा रस्ता आणि राज्याचा रस्ता एकच ठेवण्याची मूळ चूक कायम राहिली.