अमोनियाच्या गाडीवरचे पाणी

हवेत नायट्रोजन अपार आहे. पण बहुतेक पिकांना तो हवेतून घेता येत नाही. जर्मनीत फ्रिट्झ हाबर याने 1909 साली हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया करून दाखविला, आणि 1913 साली ओपाऊ येथे त्याचा मोठा कारखाना सुरू झाला. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले, आणि खताचा अमोनिया दारूगोळ्याच्या कामी लागला.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनेही असे कारखाने उभारले. 1945 साली युद्ध संपले. अमोनियाला नवे गिऱ्हाईक हवे होते. त्याच दशकात मिसिसिपी राज्यातील स्टोनव्हिलच्या प्रयोगकेंद्रात निर्जल अमोनिया थेट जमिनीत सोडण्याचे प्रयोग झाले. त्यात 82 टक्के नायट्रोजन असतो, युरियात 46. टाकीत दाबाखाली तो द्रवरूप राहतो, दाब सुटताच वायू होतो. म्हणून ट्रॅक्टरमागच्या पोकळ फाळांतून तो वीतभर खोल, ओलसर मातीत सोडतात. मातीतला ओलावा त्याला धरून ठेवतो.

पाण्याची ही ओढच माणसाच्या मुळावर येते. ओलावा डोळ्यांत, घशात, फुप्फुसांतही असतो. नळी फुटली की वायू तेथेच झोंबतो आणि जाळतो. म्हणून टाकी 85 टक्क्यांहून अधिक भरू नये, कारण उन्हाने द्रव फुगतो. जुन्या नळ्या वेळेवर बदलाव्यात. डोळ्यांना घट्ट बसणारा चष्मा आणि हातमोजे घालावेत. गाडीवर निदान 5 गॅलन स्वच्छ पाणी असावे, आणि अमोनिया अंगावर उडालाच तर निदान 15 मिनिटे धूत राहावे.

अमेरिकेत 1970 साली कामगारांच्या सुरक्षिततेचा कायदा झाला. पण 1976 पासून दहा किंवा त्याहून कमी मजूर असलेल्या बहुतेक शेतांवर त्याची अंमलबजावणी करण्यास सरकारी पैसाच मिळेनासा झाला. कायदा बांधावर थांबला. वायू थांबत नाही. 25 एप्रिल 2019 रोजी इलिनॉय राज्यात बीच पार्क येथे ट्रॅक्टरमागच्या टाकीतून रस्त्यावर अमोनिया गळला, आणि 83 जणांना इस्पितळात तपासावे लागले.

आपला शेतकरी बहुधा युरिया वापरतो. पण तोही अमोनियापासूनच होतो, आणि आपल्या बर्फाच्या कारखान्यांतही अमोनिया खेळतो. तेथे पाण्याचा पिंप कोठे आहे, हे विचारण्याचा हक्क प्रत्येकाला हवा. मजूर दहा असोत वा दोन, प्रत्येकाला डोळे दोनच असतात.