नारू कसा गेला?

आजच्या भागात आपण नारूचा इतिहास पाहणार आहोत. आपल्यातल्या तरुण मुलींनी हा रोग पाहिलेला नसणार. घरातल्या आजीला मात्र ‘नारू’ म्हटलं की लगेच आठवेल. पायातून पांढऱ्या दोऱ्यासारखा जंत बाहेर यायचा, तो काडीला गुंडाळत राहायचं आणि माणूस महिना महिना खाटेवर पडून असायचा.

देशातला नारूचा शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानातल्या जोधपूर जिल्ह्यात सापडला. फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारताला नारूमुक्त म्हणून मान्यता दिली. गंमत अशी, की नारूवर लस कधी निघालीच नाही आणि हा जंत मारणारं औषधही सापडलं नाही. एकदा झालेल्याला तो पुन्हा होत असे. मग हा रोग गेला कसा? आम्ही बचत गटांच्या बैठकीत ही गोष्ट आवर्जून सांगतो, कारण यात पाणी भरणाऱ्या बाईचा वाटा फार मोठा आहे.

रोग अतिशय जुना. इजिप्तमध्ये सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची वैद्यकाची एक गुंडाळी सापडली आहे. तीत जंत काडीला गुंडाळून काढण्याचा उपाय दिला आहे, असं जाणकार मानतात. तिथल्याच एका हजारो वर्षांपूर्वीच्या ममीच्या शरीरात नारूचा वाळून दगड झालेला जंतही मिळाला. म्हणजे फारोंच्या काळात जो उपाय, तोच आपल्या आजीच्या काळात. रोज दोन-चार बोटं जंत ओढायचा, काडीला वेढे द्यायचे, पुन्हा पट्टी बांधायची. घाई केली आणि जंत आत तुटला, की पाय सुजायचा, पू व्हायचा, कधी सांधा कायमचा आखडायचा.

आता हा जंत शरीरात शिरायचा कसा, ते पाहू. पाण्यात डोळ्यांना जेमतेम ठिपक्याएवढा दिसणारा एक जीव असतो. त्याला सायक्लॉप्स म्हणतात. नारूची पिल्लं या सायक्लॉप्सच्या पोटात साधारण दोन आठवडे वाढतात. असं पाणी न गाळता प्यायलं, की सायक्लॉप्स आपल्या पोटात मरतो आणि नारूची पिल्लं मोकळी होतात. पुढे जवळजवळ वर्षभर काहीही कळत नाही. आत मादी वाढत वाढत दीड-दोन हात लांब होते, पायाकडे सरकते, तिथे फोड येतो. फोडाची इतकी आग होते, की माणूस पाय पाण्यात घालतो. पाण्याचा स्पर्श झाला, की मादी हजारो पिल्लं पाण्यात सोडते. ती पुन्हा सायक्लॉप्स खातो आणि चक्र सुरू राहतं.

यात पायऱ्यांची विहीर, म्हणजे आपली बारव, मधोमध येते. उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं, की बाई पायऱ्या उतरून पाण्यात पाय ठेवूनच घागर बुडवणार. फोड आलेला पाय आणि प्यायचं पाणी एकाच जागी! उन्हाळा आणि पेरणीचे दिवस, नेमके याच काळात रुग्ण वाढत. बाई आजारी पडली तर पाणी कोण आणणार? बहुतेक वेळा तिचीच मुलगी, त्याच विहिरीवर. कर्ता माणूस पडला तर पेरणी चुकायची. नारूने माणूस सहसा मरत नसे, घर मात्र बसत असे.

हे चक्र कळायला संशोधकांनी कष्ट घेतले. १८७०च्या सुमारास मध्य आशियात काम करताना अलेक्सेई फेदचेंको या रशियन शास्त्रज्ञाने सायक्लॉप्सच्या पोटात नारूची पिल्लं पाहिली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लायपर या ब्रिटिश संशोधकाने पोटातल्या आम्लात सायक्लॉप्स मरतो आणि पिल्लं वाचतात, हे दाखवलं. यात आपल्या मुंबईचंही नाव आहे. परळच्या ज्या प्रयोगशाळेला पुढे हाफकिन संस्था म्हणू लागले, तिथे डॉ. तुर्खुड यांनी १९१३च्या सुमारास माणसांवर प्रयोग करून बाधित सायक्लॉप्समुळेच नारू होतो, याचा पुरावा दिला.

म्हणजे १९१४ येईतो कारण पक्कं ठाऊक होतं. उपायही उघड होता. पाणी गाळा, फोड आलेला पाय पाण्यात घालू नका, पायऱ्यांच्या विहिरींना कठडा बांधा. तरी रोग जायला आणखी ऐंशी वर्षं लागली. आम्हाला या इतिहासातली हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. ज्ञान अहवालात होतं, विहिरीवर पोचलं नव्हतं. हा कोरडवाहू गावांतल्या गरिबांचा रोग. त्याने माणसं मरत नव्हती, म्हणून मोजलीही जात नव्हती.

मोजणी सुरू झाली आणि चित्र बदललं. १९८३-८४ मध्ये राष्ट्रीय नारू निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. तेव्हा सात राज्यांतल्या ८९ जिल्ह्यांत, जवळजवळ तेरा हजार गावांत मिळून सुमारे ४० हजार रुग्ण होते. या सात राज्यांत महाराष्ट्रही होता. कार्यकर्ते वर्षातून ठरावीक वेळी गावोगाव फिरून रुग्ण शोधत, नारूचं चित्र दाखवून विचारत. पायऱ्यांच्या विहिरींना कठडे घालून त्या पोहऱ्याने पाणी काढण्याजोग्या केल्या. पाण्यात सायक्लॉप्स मारणारं टेमिफॉस हे औषध ठरलेल्या मापात टाकलं. शेवटी शेवटी रुग्णाची खबर देणाऱ्याला बक्षीसही ठेवलं.

दुसरीकडे हातपंप आले. त्यांची गोष्ट तर आपल्याच मातीतली. जालना आणि सोलापूर इथे दुष्काळी भागासाठी टिकाऊ पंप तयार झाले होते. त्या सोलापूर पंपावरून ‘इंडिया मार्क टू’ हा हातपंप घडवला गेला आणि १९७०च्या दशकाच्या शेवटापासून तो देशभर बसू लागला. बोअरच्या पाण्यात पाय घालता येत नाही, तिथे नारूचं चक्र तुटतं.

पण हातपंप सगळीकडे एका दिवसात बसत नाही. तोवर काम चाललं ते फडक्यावर. घागरीच्या तोंडावर घट्ट विणीचं दुपदरी कापड बांधून पाणी गाळायचं. पाणी गाळून पिण्याची रीत आपल्याकडे जुनीच, मग नारू का होत होता? कारण घरचं पाणी गाळलं, तरी दुपारी शेतावर तहान लागली की माणूस थेट विहिरीतलं पाणी ओंजळीने पीत असे. एक घोटही पुरे होता. म्हणून प्रत्येक वेळी, प्रत्येक घोट गाळूनच प्यायचा, हे घराघरात पटवावं लागलं. ते पटवणाऱ्या आणि रोज करणाऱ्या बहुतांशी बायकाच होत्या. शास्त्रज्ञांची नावं पुस्तकात आहेत. फडकं धुऊन, उलटी बाजू न होऊ देता पुन्हा बांधणाऱ्या बाईचं नाव कुठेच नाही.

जगातही हेच घडलं. १९८६ मध्ये सुमारे ३५ लाख लोकांना नारू होत असे, २०२३ मध्ये सगळ्या जगात १४ रुग्ण नोंदले गेले. उरलेला नारू आफ्रिकेतल्या मोजक्या देशांत आहे. तिथे कुत्र्यांमध्येही तो सापडू लागल्याने शेवटचा टप्पा अवघड झाला आहे.

मैत्रिणींनो, ही गोष्ट जुनी म्हणून सोडून देण्यासारखी नाही. आपल्या पूर्व विदर्भात हत्तीपाय अजून आहे. तोही जंताचाच रोग, डास चावून पसरतो, आणि वर्षानुवर्षं कळत नाही. नारूला औषध नव्हतं, हत्तीपायाच्या जंतांवर गोळ्या आहेत आणि मोहिमेत त्या फुकट मिळतात. तरीही ‘मला काही झालेलं नाही’ म्हणून कितीतरी घरांत त्या कोनाड्यात पडून राहतात. गर्भवती, दोन वर्षांखालची मुलं आणि फार आजारी माणसं सोडून बाकी सगळ्यांनी त्या आशाताईंसमोरच, जेवणानंतर घ्यायच्या असतात. यंदा आमच्या गटांनी ठरवलं आहे, की मोहिमेच्या आठवड्यात प्रत्येक सभासद शेजारच्या पाच घरांत जाईल. माहिती दारापर्यंत पोचायला पुन्हा ऐंशी वर्षं लागू नयेत, एवढंच आपल्या हातात आहे. तुमच्या गटानेही पाच-पाच घरं वाटून घ्या.