समुद्रतळावरचे तास

इतिहासाची साधने म्हटली की ताम्रपट, शिलालेख, बखरी आणि दफ्तरे आपल्या डोळ्यांपुढे येतात. समुद्राच्या तळाशी, चार हजार मीटरहून अधिक खोलीवर, चिखलात ओढलेला नांगराचा तास हेही इतिहासाचे साधन ठरू शकते, हे विसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेल्या एका प्रयोगाने दाखवून दिले. खोल समुद्रातील खाणकामाचे परिणाम मोजायचे कसे, या प्रश्नाचा इतिहास बऱ्याच अंशी अशा तासांचाच इतिहास आहे.

ज्या गोळ्यांसाठी हे खाणकाम करावयाचे, ते ‘चॅलेंजर’ या ब्रिटिश जहाजाच्या १८७२ ते १८७६ या काळातील सफरीत प्रथम हाती लागले. बटाट्याएवढ्या या काळपट गोळ्यांत मँगनीज, निकेल, तांबे आणि कोबाल्ट असते. ते दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर ते फार तर काही सेंटिमीटर वाढतात. १९७०च्या दशकात धातूंच्या ओढीने पॅसिफिक महासागरात ते उपसण्याच्या चाचण्या झाल्या. परंतु यंत्र फिरण्यापूर्वी तेथे काय होते, याची पुरेशी नोंद नसेल, तर यंत्र फिरल्यावर काय गेले हे सांगणार कोण?

या प्रश्नाला पद्धतशीर उत्तर देण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न हॅम्बुर्ग विद्यापीठाचे जीवशास्त्रज्ञ ह्यालमार थील यांच्या नेतृत्वाखाली झाला. फेब्रुवारी १९८९ मध्ये त्यांच्या गटाने ‘झोने’ या जहाजावरून, पेरूच्या खोऱ्यात सुमारे ४१५० मीटर खोलीवर, आठ मीटर रुंदीचा नांगर ७८ वेळा ओढला. सुमारे ११ चौरस किलोमीटरच्या वर्तुळाकार क्षेत्राचा साधारण पाचवा हिस्सा नांगरला गेला. पद्धत साधी, पण शिस्तीची होती : आधी मोजणी, मग नांगरट, नंतर ठरावीक अंतराने पुन्हा मोजणी. सहा महिन्यांनी, तीन वर्षांनी आणि सात वर्षांनी संशोधक तेथे परतले. तळाचा अखंड ठोकळा कापून वर आणायचा, चिखल चाळून त्यातील जीव मोजायचे आणि शेजारच्या न नांगरलेल्या भागाशी ताडून पाहायचे, असा हा क्रम होता. पाठांतर शोधणाऱ्या संपादकाला मूळ हस्तलिखित जसे लागते, तसा येथे अस्पर्शित शेजार लागतो.

या पद्धतीची एक उणीव उघड होती. नांगराने गोळे उचलले नाहीत, ते केवळ चिखलात गाडले. शिवाय खऱ्या यंत्राने उठेल तेवढा गाळही त्याने उठवला नाही. म्हणून १९९०च्या दशकात अमेरिका, जपान, पूर्व युरोपीय देशांची संयुक्त संस्था आणि भारत यांनी दुसरी वाट धरली. तळाचा गाळ शोषून तो काही मीटर उंचीवर सोडणारे यंत्र वापरायचे आणि तो गाळ कोठे, किती जाडीने बसतो ते पाहायचे, अशी ही पद्धत होती. १९८७ साली आद्य गुंतवणूकदार म्हणून मान्यता मिळालेल्या भारताने मध्य हिंदी महासागराच्या खोऱ्यात, पाच हजार मीटरहून अधिक खोलीवर, १९९७ साली हा प्रयोग केला. त्याची शास्त्रीय धुरा गोव्यातील दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेकडे होती. ३००० मीटर लांब आणि २०० मीटर रुंद पट्ट्यात यंत्राच्या २६ फेऱ्या झाल्या. गाळ टिपणारे सापळे, प्रवाहमापक आणि कॅमेरे यांच्या साहाय्याने चाचणीचे क्षेत्र आणि तुलनेचे क्षेत्र अशी दुहेरी नोंद ठेवली गेली. पुढील काही वर्षे निरीक्षण चालू राहिले.

मात्र खरा निकाल काळाने दिला. २०१५ साली ‘झोने’ याच नावाचे नवे जहाज पेरूच्या खोऱ्यात गेले, तेव्हा २६ वर्षांपूर्वीचे तास स्पष्ट दिसत होते. नांगरलेल्या भागातील सूक्ष्मजीवांचे कार्य मंदावलेलेच होते. ते सावरण्यास किमान ५० वर्षे लागतील, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. पॅसिफिकमधील १९७९च्या एका चाचणीची जागा २०२३ मध्ये, म्हणजे ४४ वर्षांनी, पुन्हा पाहिली गेली. यंत्राच्या खुणा कायम होत्या. काही लहान आणि फिरते जीव परतले होते, परंतु एका जागी रुजून राहणारे मोठे जीव तेथे फारच विरळ होते.

येथे ‘पूर्ववत’ हा शब्द तपासून पाहण्याजोगा आहे. उठलेला गाळ काही दिवसांत खाली बसतो. सूक्ष्मजीवांना दशके लागतात. गोळ्यालाच घट्ट चिकटून जगणाऱ्या स्पंज-प्रवाळांसाठी मात्र ‘पूर्व’ म्हणजे तो गोळाच होय, आणि तो पुन्हा घडण्यास लक्षावधी वर्षे लागतात. त्यामुळे काय मोजायचे हे ठरवताना, किती काळाचे नुकसान दिसू द्यायचे हेही आपण ठरवत असतो. केवळ पाण्याचा गढूळपणा मोजणारा अहवाल खोटा नसतो, पण त्याचे घड्याळ फार लहान असते.

हा मुद्दा आज पुस्तकी राहिलेला नाही. २०२२ साली पॅसिफिकमधील एका चाचणीत सुमारे तीन हजार टन गोळे जहाजावर आणले गेले. जमैकातील आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरण व्यापारी उत्खननाच्या नियमांवर अनेक वर्षे वाटाघाटी करीत आले आहे. परिणाम मोजण्यासाठी एक क्षेत्र आणि तुलनेसाठी राखून ठेवलेले दुसरे, ही जोडी कंत्राटदारांकडून अपेक्षित आहे. तिच्यामागे समुद्रतळावरच्या या प्रयोगांचाच अनुभव उभा आहे. मात्र उत्खननाचे क्षेत्र शेकडो चौरस किलोमीटरचे असेल आणि एका माणसाची कारकीर्द जेमतेम तीस-पस्तीस वर्षांची असते. नांगर ओढणाऱ्या पिढीला पूर्ण निकाल कळत नाही. तो पुढच्या पिढ्यांनी वाचायचा असतो, आणि त्यासाठी आधीची नोंद जपून ठेवणारी संस्था व तिला पैसा पुरवणारे शासन टिकावे लागते.

मराठीत ‘तास’ हा शब्द नांगराच्या रेघेलाही लागतो आणि काळाच्या मापालाही. समुद्रतळावरच्या त्या रेघा हे दोन्ही अर्थ एकत्र बाळगून अजून तेथेच आहेत.