फाइट फायर विद फायर

फाइट फायर विद फायर (शब्दशः ‘आगीशी आगीनेच लढणे’) हा इंग्रजी भाषेतील एक रूढ वाक्प्रचार आहे. प्रतिपक्ष ज्या साधनांचा वापर करतो, त्याच साधनांनी त्याला उत्तर देणे, असा त्याचा लाक्षणिक अर्थ आहे. शेक्सपिअरच्या ‘किंग जॉन’ या नाटकात या कल्पनेचे पूर्वरूप आढळते; आजचे रूप मात्र एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत रुळले.

शब्दशः अर्थ

वणव्याच्या वाटेतील वाळलेले गवत व पालापाचोळा तो पोहोचण्यापूर्वीच जाळून टाकल्यास त्याला पुढे इंधन उरत नाही. त्यासाठी रस्ता, नदी किंवा साफ केलेला पट्टा अशा सीमेपासून वणव्याच्या दिशेने मुद्दाम आग लावली जाते. वारा फिरल्यास हीच आग दुसरा वणवा ठरू शकते. महाराष्ट्रात वनविभाग उन्हाळ्यापूर्वी ज्या जाळरेषा काढतो, त्यांमागेही इंधन काढून घेण्याचेच तत्त्व आहे.

५ ऑगस्ट १९४९ रोजी अमेरिकेतील माँटाना राज्यातील मॅन गल्च या दरीत विमानातून उतरलेल्या अग्निशामकांच्या मागे वणवा चढावरून वेगाने येऊ लागला. तुकडीप्रमुख वॅग्नर डॉज यांनी समोरचे गवत पेटवले आणि जळालेल्या जागेत ते पालथे पडून राहिले. वणवा त्यांच्या बाजूने निघून गेला. त्यांनी सहकाऱ्यांनाही तेथे बोलावले होते; परंतु कोणीही त्या राखेत शिरले नाही. दोघे जण डोंगरमाथा ओलांडून बचावले, १३ जणांचा मृत्यू झाला. काटेकोरपणे पाहता डॉज यांची आग वणवा अडवण्यासाठी नव्हती, ती आसऱ्यासाठी होती.

लाक्षणिक अर्थ

निवडणुकीतील टीकेला तशाच टीकेने किंवा आयातशुल्काला आयातशुल्काने उत्तर देणे, अशा संदर्भांत हा वाक्प्रचार येतो. मूळ क्रियेत समोरच्या आगीचे इंधन काढून घेतले जाते. लाक्षणिक वापरात हा भाग बहुधा गळून पडतो व केवळ प्रत्याघात उरतो. तेव्हा परिणाम आगीत तेल ओतल्यासारखाच होतो. अग्निशामक दल एरवी पाणीच वापरते, असा उपरोधिक आक्षेपही यावर घेतला जातो.

मराठीत ‘काट्याने काटा काढणे’ हा प्रयोग अर्थाने सर्वांत जवळचा आहे. मात्र काटा काढणारा काटा नंतर टाकून देता येतो. उपायच हाताबाहेर जाण्याची इंग्रजी वाक्प्रचारातील सूचना त्यात नाही. ‘जशास तसे’ यात परतफेड आहे, युक्ती नाही.