मंडळी सोडून गेलेला गायक

गायक मोठा की मंडळी मोठी, हा वाद रसिकांच्या जगात कधी मिटत नाही. नावाजलेल्या मंडळीतून प्रमुख गायक बाहेर पडला की लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, प्राण गेला, नुसती कुडी उरली. दुसरा म्हणतो, फांदी तुटली, झाड उभेच आहे. इंग्लंडातील 'जेनेसिस' हा रॉक-संगीताचा संच पीटर गेब्रिएलने १९७५ साली सोडला, तेव्हापासून असाच एक वाद चालू आहे. आता अर्ध्या शतकाचा इतिहास हाताशी आहे. तेव्हा रागलोभ बाजूला ठेवून या वादाकडे पाहणे आपल्याला शक्य आहे.

प्रथम मूळ हकीकत पाहू. चार्टरहाउस या शाळेतील विद्यार्थ्यांनी १९६७ साली हा संच उभा केला. गेब्रिएल, टोनी बँक्स आणि माइक रदरफर्ड हे मूळचे. ड्रमवादक फिल कॉलिन्स व गिटारवादक स्टीव्ह हॅकेट मागाहून आले. १९७२ साली डब्लिनच्या रंगमंचावर गेब्रिएल तांबडा झगा आणि कोल्ह्याचे मुंडके घालून अवतरला. संचाचा बोलबाला झाला. पण गाणी पाच जणांची आणि छायाचित्र एकाचे, असा प्रकार सुरू झाला. फाटाफुटीचे बीज इथे पडले.

१९७४ साली 'द लॅम्ब लाइज डाऊन ऑन ब्रॉडवे' ही दोन तबकड्यांची संगीतकथा निघाली. तिची कथा आणि शब्द आपणच लिहिणार, असा गेब्रिएलचा हट्ट होता. त्याच वेळी त्याला पहिली मुलगी झाली. बाळंतपण अवघड गेले, मूल अत्यवस्थ होते, आणि इकडे काम खोळंबले होते. अशा वेळी ज्याचा जीव मुलापाशी अडकतो, त्याला दोष कोण देईल? त्या वर्षीच्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या दौऱ्यात त्याने आपला निर्णय सहकाऱ्यांना सांगितला. परंतु रसिक एक गोष्ट विसरतात. हा निर्णय सांगूनही तो मे १९७५ पर्यंत, दौरा संपेतो, रोज रंगमंचावर उभा राहिला. दगा देणारा माणूस असा मोसम पुरा करीत नाही.

पुढे काय झाले? संचाने अनेक गायक पारखले, कोणी बसेना; अखेर ड्रमवादक कॉलिन्सच गाऊ लागला. गेब्रिएलसह काढलेली शेवटची तबकडी ब्रिटनच्या यादीत १० व्या क्रमांकावर गेली होती. त्याच्याविना काढलेली पहिली, १९७६ ची 'अ ट्रिक ऑफ द टेल', ३ऱ्यावर गेली. कुडी उरली म्हणणाऱ्यांचे तोंड इथे बंद झाले. गेब्रिएलने १९७७ साली स्वतःची पहिली तबकडी काढली. तीतले 'सॉल्झबरी हिल' हे गाणे मंडळी सोडण्याविषयीच आहे. १९८० साली तर संचाची 'ड्यूक' आणि गेब्रिएलची तिसरी तबकडी, दोन्ही ब्रिटनमध्ये प्रथम क्रमांकावर पोचल्या. त्याच तबकडीत स्टीव्ह बिको या दक्षिण आफ्रिकेतील हुतात्म्यावरचे गाणे आहे. फांदी तुटली म्हणणाऱ्यांनाही हे उत्तरच होते.

आणि गंमत अशी की गेब्रिएलच्या त्या तबकडीवर काही गाण्यांना ड्रमची साथ कॉलिन्सची आहे! रसिक भांडत होते. वादक मात्र एकमेकांची साथ करीत होते. १९८२ साली गेब्रिएलने देशोदेशींच्या संगीताचा 'वोमॅड' महोत्सव भरविला आणि तो कर्जात बुडाला. तेव्हा २ ऑक्टोबर रोजी मिल्टन कीन्स येथे भर पावसात जुने सोबती त्याच्याबरोबर उभे राहिले, ते त्याचे कर्ज फेडण्यासाठी. पुढे १९८६ च्या जुलैत अमेरिकेच्या यादीत संचाचे 'इनव्हिजिबल टच' अग्रस्थानी होते. त्याला खाली ओढले ते गेब्रिएलच्या 'स्लेजहॅमर'ने. दोघांच्याही नावावर तिथले अग्रस्थान तेवढे एकदाच लागले.

मग रसिकांचे दुःख खोटे का? नाही. १९७२ चे 'सपर्स रेडी' हे गाणे वीस मिनिटांहून अधिक चालते. असे काम पुढे गेब्रिएलने एकट्याने केले नाही, आणि संचही हळूहळू आटोपशीर गाण्यांकडे वळला. ते काम पाच जणांच्या एकत्र बसण्यातून, भांडणातूनसुद्धा, निपजत होते. ते कोणा एकाचे नव्हते, म्हणून कोणा एकाला बरोबर नेता आले नाही. आम्हांस वाटते, रसिक रडतात ते यासाठी. पण रडण्याला आरोपी लागतो, म्हणून कोणी गेब्रिएलला धरतो, कोणी कॉलिन्सला. उलट, मंडळी न सोडती तर 'वोमॅड' आणि नुसरत फतेह अली खानांची कव्वाली पाश्चात्त्य श्रोत्यांपुढे नेणारी त्याची ध्वनिमुद्रणसंस्था उभी राहिली असती का, हेही विचारले पाहिजे. गेले ते खरे, आणि मिळाले तेही खरे. एकाने दुसऱ्याची फेड होत नाही.

२६ मार्च २०२२ रोजी लंडनमध्ये जेनेसिसचा अखेरचा कार्यक्रम झाला. प्रकृती खालावलेला कॉलिन्स खुर्चीत बसून गायला. गेब्रिएलही आला होता. पण तो रंगमंचावर गेला नाही. सत्तेचाळीस वर्षांपूर्वी सोडलेली मंडळी तो त्या रात्री तुमच्याआमच्यासारखा श्रोत्यांत बसून ऐकत होता.