लॉफ्ट कोणाच्या नावावर? सोहो ते पडूका

लॉफ्ट म्हटलं की आपल्याला पापड-कुरडयांचे डबे ठेवायचा माळा आठवतो. आजचा लॉफ्ट तो नव्हे. हा म्हणजे जुन्या कारखान्याचा उंच छताचा मोकळा मजला. तिथेच राहायचं, तिथेच काम करायचं. कल्पना आपल्याला परकी नाही. येवल्यात पैठणी विणणाऱ्यांच्या राहत्या घरातच माग असतो. पण अशा जागा कलाकारांना दाखवून गाव वसवायचं, हा इतिहास अमेरिकेतला आहे.

सुरुवात न्यूयॉर्कच्या सोहो भागातली. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथले कारखाने हलले आणि ओतीव लोखंडाच्या दर्शनी भागांच्या इमारती ओस पडल्या. चित्रकार, शिल्पकार शिरले. तिथे राहणं बेकायदा होतं. 1961 पासून काही अटींवर परवानगी मिळू लागली. दारावर 'ए.आय.आर.', म्हणजे 'इथे कलाकार राहतो', अशी पाटी लावायची, कारण आग लागली तर बंबवाल्यांना आत माणूस आहे हे कळायला हवं! 1971 मध्ये शहराने नियम बदलून कलाकारांचं राहणं कायदेशीर केलं. पुढे भाव चढले, श्रीमंत आले, आणि ज्यांनी भाग जिवंत केला त्यातले बरेच भाडेकरू बाहेर पडले.

फौजेत आम्हाला एक गोष्ट शिकवतात: ठाणं घेणं हे अर्धं काम, ते राखणं हे उरलेलं अर्धं. सोहोच्या भाडेकरूंनी ठाणं घेतलं. राखायला हातात कागद नव्हता.

आता लहान गावाकडे येऊ. केंटकी राज्यात, ओहायो आणि टेनेसी नद्यांच्या संगमावर पडूका आहे. तिथली लोअरटाउन ही सर्वांत जुनी वस्ती मोडकळीला आली होती. तिथेच राहणारे चित्रकार मार्क बरोन आणि शहर नियोजक टॉम बार्नेट यांनी 2000 साली कलाकारांना बोलावण्याची योजना सुरू केली. कलाविषयक मासिकांत जाहिराती दिल्या. पण जाहिरातीमागे रसद होती. एकाच वास्तूत घर, स्टुडिओ आणि गॅलरी चालेल असे नियम केले. काही पडकी घरं अगदी एका डॉलरला दिली. स्थानिक बँकेने खरेदी आणि दुरुस्तीसाठी घराच्या बाजारभावापेक्षाही जास्त कर्ज दिलं. मुख्य म्हणजे, येणारा भाडेकरू नव्हता, मालक होता.

याच गावाजवळ 1952 पासून युरेनियम समृद्ध करणारा कारखाना होता. 2013 मध्ये ते काम थांबलं. त्याच वर्षी युनेस्कोने पडूकाला हस्तकला आणि लोककलेचं 'सर्जनशील शहर' म्हणून निवडलं. एका कारखान्याचा रोजगार कलेने भरून निघत नाही, हे खरं. पण गावाची ओळख त्या कारखान्याबरोबर संपली नाही.

आपल्याकडेही उदाहरण आहे. 1966 साली के. सी. एस. पणिकर यांच्या पुढाकाराने चेन्नईजवळ चोलामंडल उभं राहिलं. कलाकारांनी बाटिक आणि हस्तकलेच्या विक्रीतून पैसा जमवला आणि जमीन घेतली. जमीन त्यांची, म्हणून वसाहत टिकली.

तुमच्या गावातली बंद जिनिंग मिल किंवा जुना वाडा दाखवून उद्या कोणी तरुण उद्योजकांना बोलावेल. जरूर जा. रंगीत माहितीपत्रक बघा, उंच छत बघा. मात्र सही करण्याआधी विचारा: पाच वर्षांनी भाव वाढला, तर तो कोणाच्या खिशात जाणार? आणि तुम्ही नगरपालिकेत असाल, तर पोस्टर छापण्याआधी कर्ज आणि मालकीची सोय करा.

जय हिंद.