मेंढ्यांतील यकृत पर्णकृमी रोगाचे रक्तनिदान

फॅसिओला हिपॅटिका या पानाच्या आकाराच्या चपट्या कृमीमुळे मेंढ्यांना होणारा यकृताचा रोग रक्ताच्या तपासणीने ओळखण्याच्या पद्धतींचा यात समावेश होतो.

हा रोग यूरोपात फार पूर्वीपासून माहीत आहे. झां द ब्री या फ्रेंच मेंढपाळाने १३७९ मध्ये सिद्ध केलेल्या ग्रंथात त्याचा उल्लेख आढळतो. इंग्लंडमध्ये १८७९-८० च्या अतिवृष्टीच्या काळात सु. ३० लाख मेंढ्या या रोगाने दगावल्या. त्यानंतर ऑक्सफर्ड येथे ए. पी. टॉमस व लाइपसिक येथे रूडोल्फ लॉइकार्ट यांनी १८८१–८३ या काळात स्वतंत्रपणे कृमीचे जीवनचक्र उलगडले. पाणथळ जागेतील गोगलगायींच्या शरीरात वाढलेले डिंभ गवतावर पुटीरूपात चिकटतात. चरताना ते मेंढीच्या पोटात जातात, आतड्याची भित्ती भेदून यकृतात शिरतात आणि सु. सहा आठवडे यकृत पोखरत पित्तनलिकांकडे सरकतात.

विष्ठेत कृमीची अंडी मात्र संसर्गानंतर सामान्यतः १० ते १२ आठवड्यांनी दिसतात. तीव्र प्रकारात मेंढी त्यापूर्वीच मरते व निदान शवपरीक्षेतच होते. ही उणीव भरून काढण्यासाठी रक्ताकडे लक्ष वळले.

यकृताच्या कोशिका फुटल्या म्हणजे ग्लुटामेट डीहायड्रोजनेज हे एंझाइम रक्तात वाढते, तर पित्तनलिकांना इजा झाल्यावर गॅमा ग्लुटामिल ट्रान्सफरेज वाढते. त्यांच्या मापनावरून इजेचा टप्पा कळतो. तथापि यकृताच्या इतर विकारांतही ही वाढ होत असल्याने कारण निश्चित होत नाही.

कृमीविरुद्ध रक्तरसात तयार होणारी प्रतिपिंडे शोधण्याच्या आरंभीच्या परीक्षांत संपूर्ण कृमीचा अर्क प्रतिजन म्हणून वापरीत. त्याची इतर कृमींच्या प्रतिपिंडांशीही विक्रिया होऊन फसवे निष्कर्ष निघत. एंगव्हाल व पेर्लमान यांनी १९७१ मध्ये स्टॉकहोम येथे मांडलेल्या ‘एलायझा’ पद्धतीत प्रतिपिंडांचे अस्तित्व एंझाइमामुळे उमटणाऱ्या रंगावरून कळते. तीमुळे शेकडो नमुने एकाच वेळी तपासणे शक्य झाले. पुढे कृमी स्वतः स्रवतो ती कॅथेप्सिन एल ही प्रथिनविघटक एंझाइमे शुद्ध प्रतिजन म्हणून उपयोगी ठरली आणि संसर्गानंतर दोन ते चार आठवड्यांतच निदान करता येऊ लागले. भारतात मुख्यत्वे आढळणाऱ्या फॅसिओला जायगँटिका या जातीच्या अशाच एंझाइमावर आधारलेली मेंढ्यांसाठीची परीक्षा भारतीय शास्त्रज्ञांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केली.

या परीक्षांना एक मर्यादा आहे. औषधाने कृमी मेल्यावरही प्रतिपिंडे कित्येक महिने रक्तात राहतात. त्यामुळे संसर्ग चालू आहे की होऊन गेला, हे त्यांवरून सांगता येत नाही. ट्रायक्लाबेंडाझोल या १९८३ पासून वापरात आलेल्या, कोवळ्या कृमींवरही प्रभावी असलेल्या औषधाला कृमी दाद देत नसल्याचे ऑस्ट्रेलियात १९९५ मध्ये नोंदले गेले, तेव्हा या प्रश्नाचे महत्त्व वाढले. स्पेनमधील शास्त्रज्ञांनी २००४ मध्ये विष्ठेतील कृमि-प्रतिजन ओळखणारी अतिसंवेदी परीक्षा विकसित केली. तीमुळे जिवंत कृमींचे अस्तित्व कळते.

रक्तपरीक्षेचा खरा उपयोग पहिल्याच हंगामात चरणाऱ्या कोकरांच्या बाबतीत होतो. चिकातून मिळालेली मातेची प्रतिपिंडे ओसरल्यानंतर त्यांच्या रक्तात आढळणारी प्रतिपिंडे त्याच वर्षीच्या संसर्गाची निदर्शक असतात. कळपातील अशा थोड्या कोकरांची ठरावीक काळाने तपासणी केल्यास कुरण केव्हा दूषित झाले हे कळते आणि मेंढ्या दगावण्यापूर्वी उपचार करता येतात.